४१७ चे रिव्हॉल्व्हर, ४१८ चा सिलिंडर

मी, एल्डन रॉय प्रुइट, वय एकोणऐंशी, राहणार कॉटनवुड फ्लॅट, वायोमिंग, काउंटीचे रस्ते सपाट करणारा ग्रेडर एकतीस वर्षे चालवून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे असे वकीलबाई मिस टिलमन म्हणतात. तिसऱ्या कलमापर्यंत माझेही तेच मत होते.

कलम १. राहते घर, मागची शेड आणि पिकअप माझी मुलगी कॅरलीन हिला मिळावे. छप्पर उत्तरेकडून गळते, हे तिला ठाऊक आहे. तिच्या आईने, म्हणजे माझी दिवंगत पत्नी डोरीन हिने, लावलेला रुबार्बचा वाफा खणू नये.

कलम २. काडतुसे भरण्याचे यंत्र, शिसे वितळवण्याचे भांडे आणि रिकाम्या पुंगळ्यांचे अकरा डबे नेमबाजी क्लबला द्यावेत. क्लबने माझ्या नावाचा बाक वगैरे बसवू नये. हयातीत कधी कोणी सरकून जागा दिली नाही, आता बाक कशाला?

कलम ३. माझ्याकडे मोठ्या सांगाड्याची सहा जुनी डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरे आहेत. यांचा घोडा अंगठ्याने ओढावा लागत नाही. नुसता चाप दाबत गेले की घोडा मागे जातो, सहा गोळ्यांचा सिलिंडर फिरतो आणि गोळी सुटते. लोक अशी रिव्हॉल्व्हरे काचेत ठेवतात. मी ती झाडतो. यातली पाच कॅरलीनला. राहिले सहावे, चव्वेचाळीस कॅलिबरचे, १९२६ सालचे.

वकीलबाई म्हणाल्या, "मिस्टर प्रुइट, नुसतं 'जुनं रिव्हॉल्व्हर' लिहून भागणार नाही. प्रत्येकाचा क्रमांक टाका." म्हणून मंगळवारी सकाळी चष्मा लावून बसलो. मुठीच्या बुडाला क्रमांकाचे शेवटचे आकडे ४१७. बरोबर. सिलिंडरच्या मागच्या तोंडावरची काजळी ब्रशने घासली, तर तिथे ४१८. तीनदा पुसले. ४१८ च.

कलम ४. या कलमाने कोणालाही काही मिळत नाही, पण ते गाळू नये.

४१८ हे माझा जुना मित्र मर्ल हॅगस्ट्रॉम याचे रिव्हॉल्व्हर. लागोपाठच्या क्रमांकांची ही जोडी १९८८ मध्ये कॅस्पर शहरातल्या बंदुकांच्या प्रदर्शनात आम्हा दोघांना एकाच टेबलावर मिळाली आणि कोणी कोणते घ्यायचे ते आम्ही नाणे उडवून ठरवले. दर पहिल्या शनिवारी जुन्या खाणीत नेमबाजी, मग माझ्या स्वयंपाकघरात एकाच टॉवेलवर दोन्ही खोलून साफसफाई, आणि डोरीनचे दालचिनीचे रोल. पंधरा वर्षे असे चालले. २००३ मध्ये मर्लने त्याचे रिव्हॉल्व्हर एका जाणकाराला दाखवले. तो म्हणाला, सिलिंडर दुसऱ्याच बंदुकीचा आहे; त्यावरचा आकडा झिजलाय, पण ४१८ नक्की नाही. संग्राहकांत याला डाग म्हणतात. मर्ल तिथून थेट माझ्या अंगणात आला.

"एल्डन, तुझं आण जरा बाहेर. आकडा बघायचाय."

"पंधरा वर्षं एका टॉवेलवर बसलो, आणि आता माझी झडती घेतोस?"

"झडती कसली रे, नुसता आकडा."

"माझा शब्द पुरत नसेल तर फाटक तिकडे आहे."

तो गेला. तेव्हापासून खाणीत तो पहिल्या शनिवारी जातो आणि मी दुसऱ्या. डोरीनच्या दफनाला तो मागे उभा राहिला आणि काही न खाता निघून गेला. मला वाईट वाटले, पण हाक मारली नाही.

तेवढा माझा ताठा मी समजू शकतो. पुढचे समजत नाही. तो गेल्यावर मी एकट्यानेही आकडा का पाहिला नाही? सोळा वर्षांत ते रिव्हॉल्व्हर शेकडो वेळा साफ केले, पण ते तोंड कधी उजेडाकडे धरले नाही. मनात काही नव्हते तर बघायला काय हरकत होती? आणि काही होते, तर मला ठाऊक होते का? टॉवेलवर अदलाबदल झाली असेल. डोरीनने पुसताना झाली असेल. पण मर्लचा सिलिंडर माझ्यापेक्षा मऊ फिरतो, असे मी एकदा बोललो होतो. हेही आठवते. हवा होता म्हणून मी ठेवून घेतला का? शपथेवर विचारले तरी मला उत्तर देता येणार नाही.

कलम ५. सबब, ४१७ चे रिव्हॉल्व्हर ४१८ च्या सिलिंडरसकट मर्लला द्यावे.

हे वाचून वकीलबाई म्हणाल्या, "मेल्यावर कशाला? दोन गल्ल्या पलीकडे राहतात ते." मी फोन केला. सोमवारी मर्ल आपले रिव्हॉल्व्हर घेऊन आला. मी सिलिंडर काढून टेबलावर ठेवला.

"चारशे अठरा," तो म्हणाला.

"हो."

"मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

ज्याचा त्याला लावला आणि आम्ही खाणीत गेलो. त्याचे तिसऱ्या गोळीलाच अडकले. माझा चाप अर्ध्यात घट्ट झाला. इतक्या वर्षांत प्रत्येक सिलिंडर झिजून परक्या सांगाड्यात बसला होता.

मर्ल म्हणाला, "कागदावर बरोबर आणि हातात चूक. आता रे?"

"तू सांग."

"कर होतं तसं."

पिकअपच्या मागच्या फळीवर पुन्हा अदलाबदल केली. दोघांनी सहा-सहा गोळ्या झाडल्या. कुठेही अडले नाही.

मी विचारले, "मर्ल, मी मुद्दाम केलं असेल का?"

"मला काय विचारतोस? सोळा वर्षं तेच ठरवतोय मी."

"मग काय ठरलं?"

"काही नाही."

कलम ६. या राज्यात मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर मिळालेले जाते, असे वकीलबाईंनी सांगितले. मी मर्लला म्हणालो, "एक काहीतरी निवड. रिव्हॉल्व्हर घे, नाहीतर सही कर. सही केलीस तर हे सगळं वाचून करावी लागेल." त्याने ओठ हलवत सगळे वाचले. मग म्हणाला, "पेन दे."

म्हणून कलम ५ रद्द. ४१७ चे रिव्हॉल्व्हरही कॅरलीनला. सिलिंडर आहे तोच राहू द्यावा. आकडे पाहून कोणी नाक मुरडले तर हे कागद पुढे करावेत. माझ्याबद्दल काय ते वाचणाऱ्याने ठरवावे. मला ठरवता आले नाही.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, कॉटनवुड फ्लॅट. गुरुवार, १९ सप्टेंबर २०१९.

सही: एल्डन रॉय प्रुइट

साक्षीदार पहिली: जून ऑस्टलंड, शेजारीण. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: मर्ल हॅगस्ट्रॉम. चौथे कलम दोनदा वाचले. तरी सही करतो.