रविवारी आठचा रिमोट

रविवार, ९ फेब्रुवारी

आजपण हरले! रिमोट माझ्या हातात होता, आठ वाजतच आले होते, आणि आत्याबाईंनी – म्हणजे माझ्या सासूनं – हात पुढं केला. "पुनम, लाव बाई माझी." झालं! लागली 'सात जन्मांची सून'.

रविवारी आठला सगळ्या चॅनलवाल्यांना एकदमच महाएपिसोड सुचतात. वेळा वाटून घ्यायला काय होतं मेल्यांना? माझी 'गुलाबी शटर' आठला. मामांची, म्हणजे सासऱ्यांची, 'तपास चालू' पण आठलाच. आठवडाभर त्या वेळेला मी भाकऱ्या थापत असते. रविवारी दिवस मावळायच्या आत स्वयंपाक आवरते, तो ह्या एका तासासाठी. आणि बघते काय? ती सून आठ वर्षं झाली रडूनच राहिली!

बरं, आत्याबाई बघतात तरी का? डोळे मिटून बसतात. त्या सुनेचं नाव विचारा, सांगता यायचं नाही. ब्रेक लागला की मात्र टुणकन उठतात, बटणाचा मोबाईल घेऊन परसात जातात, येतात, पुन्हा डोळे बंद. स्वतः बघत नाहीत आणि मला बघू देत नाहीत! लई राग आलाय. लिहितानासुद्धा पेन कागदात घुसून राहिला.

सोमवार, १० फेब्रुवारी

उमरीहून ताईचा फोन. "बघितलंस का? तिला दुकानाची चावी मिळाली!" कुठलं बघितलंय! ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "मोबाईलवर बघ की." मुखेडात रविवारी रात्री मोबाईलवर नुसतं चाक फिरतं. तुम्हीच बघा म्हटलं ते चाक.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सिलिंडर अजून नाही. नंबर लावून कवाचं झालं. चुलीच्या धुरानं डोळे लाल झालेत. तो गॅसवाला एकदा सापडू दे नुसता!

दुपारी शेजारच्या शकिलाखाला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुझी सासू आन् मंजू, दोघी चिटकून बसायच्या ही मालिका बघायला." आत्याबाई एकदम उठून पाणी भरायला गेल्या. हंडा भरलेलाच होता.

मंजू म्हणजे मंजुश्री, माझी नणंद. मी ह्या घरात यायच्या आदल्या वर्षी तिनं लातूरच्या धम्मानंदशी लग्न केलं – आपल्या मनानं, दुसऱ्या जातीत. मामा म्हणाले, आपल्याला ती मेली. तेव्हापासून तिचं नाव काढायचं नाही. मी तर तिला बघितलेलंही नाही.

मामांचंही नवलच! सगळं घर त्यांच्या खाकरण्यावर चालतं. पण रविवारी आठला आपली 'तपास' सोडून गुमान बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. "लाव तुझी रड," एवढंच. म्हणजे घरात माझ्या बाजूचं कुणीच न्हाई.

रविवार, १६ फेब्रुवारी



आज ठरवलंच होतं. 'गुलाबी शटर' लावली, रिमोटचे सेल काढले आणि पिठाच्या डब्यामागं ठेवले. मामा सवयीनं ओट्यावर गेले. आत्याबाई बटणं दाबून दाबून दमल्या. "पुनम, लाव ना ग. आजच्या दिवस."

"सेल गेलेत, आत्याबाई." खोटं बोलले. बरं वाटलं!

दुसऱ्या ब्रेकला त्या मोबाईल खाटेवर टाकून न्हाणीकडं गेल्या. रडायला असेल. असेना का! तेवढ्यात मोबाईल वाजला. एक रिंग, बंद. पुन्हा एक रिंग, बंद. मग वाजतच राहिला. बघितलं तर – 'गॅसवाला'.

म्हटलं, सापडला! उचलला आणि सुरूच झाले. "लाज वाटते का? इथं धूर खाऊन राहिलो आम्ही, आन् तुम्ही मिस्ड कॉल मारता? सिलिंडर कुठाय माझं?"

पलीकडून एका बाईचा आवाज, घाबरलेला. "आई कुठाय? बरी हाय ना ती? दोन ब्रेक झाले, तिचा मिस्ड कॉल आला न्हाई."

मी गर्रकन मागं वळले.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी घेतला, कानाला लावला. "बरी हाय ग, मंजू. सेल गेलते." एवढंच बोलून ठेवला आणि तोंडात पदर कोंबला.

ओट्यावरून मामांचा आवाज आला, "कोणाचा फोन?"

"गॅसवाला, मामा!" मीच ओरडले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

चुलीपुढं बसून आत्याबाईंनी सगळं सांगितलं. घर सोडायच्या आदल्या दिवशी मंजूनंच आपला नंबर त्यांच्या मोबाईलात 'गॅसवाला' म्हणून टाकून दिला होता. ब्रेकला एक मिस्ड कॉल इकडून, एक तिकडून. म्हणजे दोघी एकच बघून राहिल्या, दोघी बऱ्या हायत. बोलायचं मात्र नाही. मामांनी स्वतःच्या गळ्याची आण घातलेली – पोरीशी एक शब्द बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. "मिस्ड कॉल म्हंजी काय बोलणं हाय का?" असं विचारत होत्या मला.

काल माझ्यापायी त्यांची आण मोडली. रात्रभर मामांचा श्वास चालू आहे का ते ऐकत जाग्या होत्या.

माझा राग गेला म्हणू का? न्हाई! उलट वाढलाय. फक्त सासूवरचा राहिला नाही. आपल्या जिवाचं भय घालून असं बायकोचं तोंड बांधतं का कोणी?

सेल परत घातले.

रविवार, २३ फेब्रुवारी

'गुलाबी शटर'चा शेवटचा भाग होता. आठला मीच 'सात जन्मांची सून' लावली. मामा आज ओट्यावर गेले नाहीत, खुर्चीतच बसून राहिले. ब्रेक लागला. आत्याबाईंना उठायचं धाडस होईना. मग मीच मोबाईल उचलला, परसात गेले, 'गॅसवाला' लावला, एका रिंगला तोडला. लगेच उलटा आला.

आत आले. टीव्हीवरची नजर न काढता मामांनी विचारलं, "गॅसवाली बरी हाय का?"