गॅब्रियल हलू नये म्हणून

कार्मिन,

कॅमेऱ्यामुळे माणसाने काळावर विजय मिळवला आहे. आपल्या घरापुरता तो अजून मिळालेला नाही. आठ फोटोंत तुझ्या भावाला तीन-तीन कान आलेत आणि तोंडभर देवीचे व्रण. स्टुडिओवाला म्हणाला, "काका, यातला चेहरा कुठला समजायचा?"

चूक माझीच. जहाजावर जाणारा मुलगा होडीतच शोभेल, म्हणून त्याला होडीत उभं केलं. होडी हलली, आणि माझा हात तर हल्ली हलतोच. ठिपके म्हणजे भिंगावर उडालेलं खारं पाणी.

दुसरा रोल भरून ठेवलाय. दुपारी गॅब्रियल लढाईच्या जहाजावर जाईल, त्याआधी तू फोटो काढ. भिंग धुतलेल्या मलमलीने पूस, पदराने नको, त्याला मीठ असतं. गॅब्रियलला उन्हात भिंतीला टेकव. कॅमेरा उखळावर ठेव आणि श्वास रोखून खटका दाब.

मी किनाऱ्यावर जातोय. घरी थांबलो तर तो माझ्याकडे बघेल आणि हलेल. विचारलंच तर मासळी बघायला गेलेत म्हणून सांग.

वस्तरा तेवढा त्याच्या पेटीतून काढून ठेव. उद्यापासून माझी दाढी तुलाच करायची आहे.

तुझा बाप