आण्णाने परत पाठवलेले चार हजार

आण्णा, ह्याही वेळी परत पाठवलेस ना? माझा चहा संपायच्या आत चार हजार माघारी. खाली तुझा तोच मेसेज, "मला मिळालं न्हाईत. तू जेव." सहा वर्षं हेच चाललंय. जिवंत माणसाचे पैसे परत करता येतात. मेलेल्याचे कुठं पाठवशील? म्हणून हा कागद.

मी, शलमोन भरमा सोनुले, वय पंचवीस, शिक्षण सातवी, राहणार निपाणी, सध्या कच्छात हायटेन्शन लाइनचे टॉवर उभे करणाऱ्या टोळीत कामाला, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मी प्यालेलो नाही आणि हे माझ्याकडून कोणी जबरदस्तीने लिहून घेतलेले नाही. उलट टोळीतले सगळे नको म्हणत होते.

१. टॉवरवरून पडून मेलो तर अपघाती विम्याचे पाच लाख मिळतात. ते सगळे माझा थोरला भाऊ याकोब, म्हणजे आण्णा, याचे. कशाबद्दल ते लिहितो, कारण आमच्या घरात ते कोणी तोंडावर आणत नाही.

तंबाखूचे व्यापारी धरणेंद्र आप्पा यांचा टेम्पो आण्णा आठ वर्षे चालवत होता. एका दुपारी तो घरी जेवत असताना मी खुंटीवरची किल्ली उचलली. लायसन नाही, काही नाही. भरलेला टेम्पो तवंदी घाटात नेला आणि वळणावर पालथा घातला. पोती ओढ्यात. आण्णा कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागोमाग आला. पोलीस विचारू लागले, तर मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "साहेब, म्या चालवत हुतो."

लायसन गेले, नोकरी गेली. खासबागच्या नीलमशी लग्न ठरले होते, तिच्या वडिलांनी पंधरा दिवसांत मोडले. आता आण्णा त्याच आप्पांच्या वखारीत पोती वाहतो. चौतीस वर्षांचा आहे, एकटा. मी त्या दिवशी गप्प उभा राहिलो. आज पहिल्यांदा लिहून देतो: टेम्पो मी चालवत होतो.

२. निपाणीच्या दोन खोल्यांतला माझा हिस्सा आण्णाला. आई, मालुबाई, हयात असेपर्यंत तिला तिथून कोणी हलवायचे नाही. न्हाणीचा पत्रा गळतो, तो बदलावा.

३. माझे नट आवळायचे पाने, सेफ्टी पट्टा आणि मोबाईल महादेवच्या नावे लिहिले होते. महादेव आमच्या टोळीतला, खानापूरकडचा. पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे कळले, आणि साइटवरचा क्लार्क सोडला तर दुसरा मराठी सही करणारा इथे नाही. महादेव म्हणाला, "लेका, सही करून मला नुस्ती शाईच मिळणार व्हय?" त्याचे नाव खोडले. वस्तू टोळीतल्या बाकीच्यांना.

४. रागाचे वाटप. नीलमच्या वडिलांवर राग नाही, त्यांनी पोरीचे बघितले. राग आण्णावर आहे. आणि देवावर, कारण दोघे एकाच जातीचे निघाले. घेतच नाहीत काही. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, कृपा फुकट आहे, कमवायची नसते. आण्णाला नोकरी आणि होणारी बायको गमवावी लागली, ते फुकट? चर्चमध्ये प्रभुभोजनाचे ताट आले की क्षमेची खूण म्हणून वाटतात ती भाकर न घेता मी ते शेजारी बसलेल्या आण्णाकडे सरकवायचो. शेवटी चर्चच सोडले, मग निपाणी सोडली. तीन नाताळ घरी गेलो नाही.

आईने मागच्या महिन्यात फोनवर धरले. आई विड्या वळते. हजार वळून कारखान्यात नेल्या की चेकर त्यातल्या वाकड्या, सैल काढून टाकतो. त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी नाही. आई म्हणाली, "देवाला तू चेकर समजतोस काय रं?"

मी म्हणालो, "आई, मी खरंच छाट हाय."

वाटले, ती नाही म्हणेल. म्हणाली, "व्हय, हायसच. कोण न्हाय म्हणतंय? छाट हायस म्हायती असून घेतलंय तुला. आता रडत बसू नगं, सुट्टी कधी हाय सांग."

मी फोन ठेवून दिला. त्याचा राग स्वतःवर.

५. पहिल्या कलमात मी "टेम्पोची फेड म्हणून" असे लिहिले होते. आमचा साइटवरचा क्लार्क अभिनंदन चिकोडीचा, त्याच्या चुलत्यांची वकिली आहे. त्याने वाचून बोट ठेवले. "फेड असंल तर ते देणं झालं. भावाचा कागद लागतो, माझं एवढं येणं हाय म्हणून. दील सही?"

आण्णा आणि सही! त्याच्या हिशेबी माझ्याकडे काही येणेच नाही.

"मग मृत्युपत्रात नुसतं देता येतं," अभिनंदन म्हणाला. "घेणाऱ्यानं काय केलं ते इचारत न्हाईत. नातं लिही, बास."

दोन दिवस कागद तसाच ठेवला. मरूनसुद्धा मला फेडता येणार नाही! चिडून तीन शब्द खोडले. वर आडवी रेघ दिसते ती तीच. नाते: भाऊ. आण्णाने पोलिसांपुढे तेवढेच बघितले असणार. मला अजून पटलेले नाही. पण चर्चमध्ये ताट पुढे आले तर ह्या वेळी सरकवणार नाही, एवढे लिहून देतो. २३ डिसेंबरला निपाणीच्या स्टँडवर उतरतो. घ्यायला ये.

हे मी वाचून, समजून, दोघांच्या समोर सही केली.

सही: शलमोन भरमा सोनुले
साक्षीदार: १. महादेव पाटील (काही न मिळता) २. अभिनंदन मगदूम
ठिकाण: खावडा, जि. कच्छ
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४

ता. क. आईचे दीड हजार नेहमीसारखे तिच्या खात्यात टाकले. आण्णा, ते चार हजार पुन्हा पाठवायला हात शिवशिवतोय, पण तुला आता पाठवतो ते: रुपये ०, अक्षरी शून्य फक्त.