तिघांत वाटलेली कादंबरी

पनवेल, गुरुवार, जून २०१६

कादंबरीचा मधला भाग गेला. सुक्या बोंबलांबरोबर गेला. हसूही येतंय.

दिवसभर ऑफिसात मी डेटा सेंटरची माहितीपत्रकं लिहितो. एकच महागडी स्टोरेज पेटी नको, डेटाचे छोटे तुकडे म्हणजे ब्लॉक करा, सॉफ्टवेअर ते साध्या सर्व्हरांवर पसरवतं, एक सर्व्हर मेला तरी काम थांबत नाही. लिहिता लिहिता प्रेमातच पडलो. कादंबरीही अशीच हवी, कुणा एकाकडे पूर्ण नाही! हाताने लिहिलेली पानं तिघा मित्रांत वाटून टाकली. स्वतःकडे काहीच नाही. मूर्ख.

मधला भाग नीलिमाकडे होता. आज उलव्याला तिच्या घरी फोन केला, तो बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या तिच्या आईने घेतला; पानांचं विचारलं तर म्हणाली, "ती कागदां तुजी व्हती काय? लिवलेली व्हती, कोरी नाय, म्हनून बाजारात बोंबील बांधून दिले. काय झाला?"

सर्व्हर मेला तरी चालतं, कारण प्रत्येक ब्लॉकची कॉपी दुसऱ्या सर्व्हरवर असते. हे वाक्य मीच लिहिलंय, ठळक अक्षरात. मग साधी झेरॉक्स का नाही काढली? बोंबील बांधले!

नीलिमाने फोन घेतला तेव्हा ती रडवेली होती. म्हटलं, "आठवेल तेवढं सांग, मी लिहून घेतो." मला स्वतःला का आठवत नाहीये?

"वाचलं नाही रे," ती म्हणाली. "तू म्हणालास जपून ठेव. जपूनच ठेवलं होतं."

मग बाकीच्या दोघांना फोन लावले. त्यांच्याकडची पानं शाबूत आहेत. वाचली दोघांनीही नाहीत.