सहानंतर प्रवेश नाही

जगतपुरा, जयपूर
२२ नोव्हेंबर २००७

ती. वन्सं यांस,
रत्नमालाचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक. तुमच्या भावांची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. दिवाळीत शेजारच्यांनी दिलेली मावा कचोरी लपून खाल्ली आणि वर म्हणाले, "गोळी घेतलीय ना!"

दोन वर्षांनी लिहिते आहे, म्हणजे काही कारण असणार हे तुम्ही ओळखलं असेलच. कारण आनंदाचं आहे. परकोट्याच्या आतलं, जुन्या शहरातलं आपलं युवा केंद्र बंद होत नाही. सरकारी अनुदान आणखी तीन वर्षांसाठी मंजूर झालं. पत्र परवा आलं. ते मी यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं, कारण पहिल्यांदा मी रडत होते असं हे सांगतात. त्यात तथ्य नाही.

आता ते मिळालं कसं, ते ऐका. हसायचं असेल तर हसा.

जुलैत नोटीस आली होती. रोज किमान तीस मुलंमुली हजर नसतील तर अनुदान थांबवू. माझ्याकडे नऊ यायची. तरी सहाच्या ठोक्याला दार लावणं मी सोडलं नाही. बावीस वर्षं रेल्वेच्या शाळेत शिकवलंय. वेळ म्हणजे वेळ.

मागच्या महिन्यात सहा वाजून दहा मिनिटांनी कुणी दार ठोठावलं. जाळीतून पाहिलं, तर हेल्मेट घातलेला एक तरुण माणूस.

"छह के बाद प्रवेश नहीं," मी म्हटलं.

"मैडम, मैं झालाना से..."

"झालाना से आओ या झाँसी से, कल समय पर आना। बोर्ड लगा है।"

आणि दार लावून घेतलं. वन्सं, तो झालान्याच्या सरकारी कचेरीतला तपासणी अधिकारी होता! माथुर. न कळवता आलेला.

तो गेला नाही, पायरीवर बसला. थोड्या वेळाने नगिन्यांचे खडे घासणारी पोरंपोरी जमायला लागली, कामावरून थेट, नखांत हिरवी भुकटी घेऊन. लाखेच्या बांगड्या करणारी तुमची ती बडबडी रुखसार त्यांना पायरीवर बसवून अर्ज लिहायला आणि इंग्रजी वाचायला शिकवते. रोज. दाराबाहेर आवाज यायचा तेव्हा मला वाटायचं टवाळकी चाललीय. दोनदा तर मी पायरीवर बादलीभर पाणी ओतून ठेवलं होतं. मी दार उघडायच्या आत सगळी पसार व्हायची.

रुखसारने माथुरना विचारलं, "आप भी लेट हो गए? बैठ जाओ। मैडम दिल की बुरी नहीं हैं, बस घड़ी की सगी हैं।" हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, फार चवीने.

त्या दिवशी पाहुणा होता म्हणून पोरं पळाली नाहीत. आठला मी दार उघडलं, तर पायरी भरून गल्लीत ओळ गेलेली. माथुर उठले. "मैडम, अंदर आऊँ, या कल?" त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं: आत नऊ, बाहेर सव्वीस.

मग त्यांनी बॅगेतून एक कागद काढला. नोटिशीला मी दिलेलं उत्तर.

"ये तारामतीजी कौन हैं?"

माझ्याआधीच रुखसार म्हणाली, "जिन्होंने जाते-जाते कहा था, दरवाज़ा बंद मिले तो सीढ़ी पर बैठना, घर मत लौटना।"

हे लिहायला चार पानं फाडली आहेत, म्हणून आता सरळच लिहिते. मुलं कमी झाली ती तुमच्या ढिलाईमुळे, असं मी त्या उत्तरात लिहिलं होतं. तुम्ही उशिरा येणाऱ्यांना मागच्या दाराने आत घेत होतात, त्याने शिस्त मोडली, असं लिहिलं. तुम्ही दौंडला मुलाकडे राहायला गेलात, असंही. सगळ्यांदेखत मी तुमच्या हातातून किल्ली काढून घेतली, ते मात्र लिहिलं नाही.

या पोरांची कामं सहाला सुटतच नाहीत. तुम्ही त्यांना विचारलं होतंत. मी कधी विचारलं नाही.

माथुरांसमोरच त्या कागदाखाली लिहून दिलं, की तारामतीबाईंबद्दलचं हे विधान खोटं आहे. सही केली. ते म्हणाले, "इसकी ज़रूरत नहीं थी।" मी म्हटलं, "आपको नहीं थी।"

आता केंद्र सात ते नऊ असतं. काल सत्तेचाळीस जण आले. शिलाई मशीनवरून भांडणं, त्यात रुखसार माझ्यासमोर माझीच नक्कल करते. डोकं उठतं. फार छान वाटतं.

मंजुरीच्या कागदावर दोन संचालिकांच्या सह्या लागतात. माझी केली आहे. दुसऱ्या जागी तुमचं नाव टाईप करून घेतलं, तुम्हाला न विचारता. ही खोड अजून गेलेली नाही. पंधरा डिसेंबरच्या आत कागद द्यायचा आहे. टपालाने पाठवता आला असता. पाठवत नाही.

तुमची,
चुकलेली आणि तरी भलतीच खुशीत असलेली,
रत्नमाला