मुरूम लागेपर्यंत

घाटंजी,
घटस्थापनेचा दिवस

प्रिय ममता,

एका घोर अन्यायाची तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. माझ्या नव्या घरात न्हाणीघराच्या दिव्याचं बटन दाराच्या मागे आहे. म्हणजे आधी अंधारात आत शिरायचं, दार लावून घ्यायचं, मग भिंत चाचपायची, आणि हाताला पाल लागली नाही तर उजेड पडतो. गेले बावीस दिवस हा छळ मी सोसते आहे. ज्या ठेकेदाराच्या राज्यात हे घडलं त्याला नाव न घेता पेपरात सोलून काढायचं, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. अडचण एवढीच, की ठेकेदार मीच आहे. विजेवाल्यानं बटन बसवलं तेव्हा दार लागायचं होतं, आणि सुतारानं दार कोणत्या अंगाला उघडायचं म्हणून विचारलं तेव्हा मी फोनवर गिट्टीवाल्याशी भांडत होते. हातानंच 'तिकडं' असं दाखवलं. तो हात पुराव्यादाखल अजून माझ्यापाशी आहे.

हसली नसशील. एकोणीस वर्षं झाली, तू माझ्याशी बोलत नाहीस. तुझ्या नवऱ्यावर मी जो लेख लिहिला, त्यावर अख्खं घाटंजी हसलं आणि तुम्हा दोघांना गाव सोडून पांढरकवड्याला जावं लागलं. हे पत्र त्याबद्दलच आहे. बटन मी मधेच घुसवलं, कारण मला सरळ सुरुवात करता येत नाही, हे तुला शाळेपासून माहीत आहे. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. बळीरामभाऊजींचं एक देणं माझ्याकडे राहिलं आहे.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत, जिथे आपण दोघी बोरं वाळत घालायचो, तिथे मी दोन खोल्या बांधायचं ठरवलं. आधी तीन ठेकेदार बघून झाले. त्यातल्या अमर नावाच्या पोरसवदा ठेकेदारानं मोबाइलवर माझं घर दाखवलं. अंगणात कारंजं होतं आणि कारंज्यापाशी एक गोरीपान बाई उभी होती. ही कोण, विचारलं, तर म्हणाला, 'ते डिझाइनमधे सोबतच येते मॅडम.' मी म्हटलं, आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड येतं, ही बाई आंघोळ कुठे करेल? तो गेला तो आलाच नाही. मग मला वाटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवली, एकदा आपण करून पाहू. विटा मी आणते, रेती मी आणते, मिस्त्री मी लावते. त्यात काय एवढं!

त्यात काय एवढं, ते पुढचे आठ महिने मला समजत गेलं. सेंट्रिंगवाला आला तर लोखंडवाला लग्नाला गेलेला. लोखंडवाला परतला तर सेंट्रिंगच्या फळ्या महागावला दुसऱ्याच्या स्लॅबखाली अडकलेल्या. सकाळ-संध्याकाळ तराई करायची, म्हणजे ओल्या सिमेंटला पाणी पाजायचं, आणि एक वेळ चुकली की मिस्त्री असा बघायचा जणू मी तान्ह्या लेकराला उपाशी निजवलं आहे. मिस्त्री म्हणजे लखीराम. पंचावन्नच्या घरातला, तांड्यावरचा, बोलायला एकदम कमी. दिवसभरात चार वाक्यं, त्यातली दोन थापीशी.

पाया खोदायला घेतला तो दिवस सांगते. आपली जमीन तुला माहीतच आहे. वर काळी माती, कापसाला सोनं आणि घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, वरच्या भिंतीला पायाशी धरून हलवते. ती संपून खाली पिवळा कडक मुरूम लागला, की मग पाया ठेवायचा. चार फूट झालं, मुरूम नाही. पाच झालं, नाही. मजूर घामाघूम, मी काठावर छत्री धरून उभी. लखीराम खड्ड्यातून वर न बघता म्हणाला, 'अजून काळीच हाय बाई. जाऊ द्या खाली.' त्या क्षणी माझ्या जिभेवर एक वाक्य आलं. अगदी तयार, धार लावलेलं. ते मी गिळलं. कोणतं ते पुढे सांगते. मी फक्त म्हटलं, 'जाऊ द्या.' तेव्हा लखीरामनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा कुदळ मारली. साडेसात फुटांवर मुरूम लागला.

आता जुनं सांगते. बाबांचं घर भाऊजींनी बांधलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आणि माझा लेख छापायला एकही पेपर तयार नव्हता. पहिल्याच उन्हाळ्यात पुढच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत भेग गेली. त्यावरचा माझा लेख मात्र एका पेपरानं छापला. त्यात मी लिहिलं, 'आमच्या मिस्त्रीनं एका खिडकीच्या मजुरीत दोन खिडक्या दिल्या, दुसरी जरा अरुंद आहे, पण हवा छान येते.' पुढे असंही लिहिलं, की मिस्त्रीचा ओळंबा बहुतेक त्याच्यासारखाच दुपारनंतर तिरपा होतो. ममता, भाऊजींनी कधी दारूच्या थेंबाला हात लावला नाही, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक होतं. पण वाक्य जमलं होतं. नाव मी लिहिलं नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला. घाटंजीत नाव लिहावं लागतं कुठे? आठवड्यात पोरंसोरं त्यांना 'भेग मिस्त्री' म्हणायला लागली. बाजारात कोणी विचारायचं, 'काय भेग मिस्त्री, आज कोनाची भिंत फाडून राह्यले?' त्या लेखानंतर मला दर रविवारचं सदर मिळालं. ते आजही चालू आहे. त्यांना मात्र त्यानंतर इथे एकाही घराचा पाया मिळाला नाही.

तू शेवटची आलीस तेव्हा आमचा डबा परत द्यायला आली होतीस. तुझ्या हातून आमच्याकडे रिकामा डबा कधी आला नव्हता, निदान चिमूटभर साखर तरी असायची. त्या दिवशी डबा धुऊन पुसून कोरडा होता. दारातूनच दिलास आणि म्हणालीस, 'जये, आता आपलं काही राह्यलं नाही.' मी आत जाऊन त्यावरही एक वाक्य रचायला लागले होते. हे लिहिताना लाज वाटते, पण या पत्रात खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

पण राहिलं होतं. भाऊजी कुंपणाची भिंत बांधायला परत येणार होते म्हणून त्यांचा ओळंबा आमच्याकडे ठेवून गेले होते. पितळेचा, भोवऱ्यासारखा, वर दोरी, भिंत सरळ आहे का ते बघायचा. त्यांना परत बोलावलं नाही आणि तो तसाच राहिला. मी तो माझ्या टेबलावर कागदांवर ठेवायला घेतला, पंख्यानं उडू नयेत म्हणून. एकोणीस वर्षं मी लोकांचं वाकडं लिहीत होते, आणि ते कागद दाबून धरत होता तुझ्या नवऱ्याचा ओळंबा.

या चैत्रात नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा लखीरामच्या ओळंब्याची दोरी तुटली. मी टेबलावरचा नेऊन दिला. त्यानं तो हातात घेतला, उलटा केला, बुडाशी कोरलेली बारीक खूण अंगठ्यानं चोळली आणि खालीच बसला. मग म्हणाला, 'बाई, हा उस्तादचा हाय.' तेव्हा मला कळलं, की लखीराम भाऊजींच्या हाताखाली काम शिकला. मी त्याला ओळखलं नव्हतं. खड्ड्यात उतरलेल्या माणसाचा चेहरा काठावरून दिसत नाही, डोक्याचं फडकं तेवढं दिसतं.

मग उठून तो जुन्या घरात गेला. मी मागोमाग. ती भेग मी कधी बुजवली नव्हती, पाहुण्यांना दाखवायला बरी पडायची. उन्हाळ्यात तिच्यात बोट जातं, श्रावणात नखही जात नाही. तिच्यापासून हातभर अलीकडे त्यानं छताशी दोरी धरली, ओळंबा खाली सोडला आणि हलायचा थांबेपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो. पितळ भिंतीला नुसतं टेकलं. दबलं नाही, सुटलं नाही. मग पलीकडे धरला. तिथेही तसंच. खाली जमीन एकोणीस वर्षं हलते आहे, आणि तुझ्या नवऱ्याच्या हातची भिंत अजून सरळ उभी आहे. लखीराम म्हणाला, 'भिंत फाटली बाई, वाकली नाही. खालून कोनी हात सोडला तर तिनं काय करावं?'

आता ते गिळलेलं वाक्य. बाबांच्या घराचा पाया खोदताना चार फुटांवर भाऊजी बाबांना म्हणाले होते, 'मास्तर, मुरूम नाही लागला. अजून दोन-तीन फूट जाऊ द्या.' बाबा हो म्हणायच्या बेतात होते. मी काठावर उभी होते. मी म्हटलं, 'काय मिस्त्री, घर बांधून राह्यले का विहीर? पानी लागलं का सांगजा, मोटर आणून ठेवतो.' मजूर हसले. बाबा पोट धरून हसले. शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या बसंतीबाईसुद्धा हसल्या. भाऊजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी कुदळ बाजूला ठेवली आणि म्हणाले, 'ठीक हाय. मास्तरच्या मर्जीनं.' पाया तिथेच थांबला. काळ्या मातीत. हसण्याच्या भरात थांबला म्हणून कोणाच्या लक्षातही राहिला नाही. लेख लिहिताना माझ्या लक्षात होता, ममता. पहिल्या मसुद्यात ते वाक्य होतं. मी ते कापलं, कारण त्यानं विनोद माझ्यावर उलटत होता.

लखीरामला विचारलं, तुला हे सगळं माहीत होतं तर माझं काम का घेतलंस? म्हणाला, 'त्या खड्ड्यात मीच होतो ना बाई. सारे हासले, मीबी हासलो. उस्ताद नाही हासला. उस्तादचं राह्यलेलं खोदकाम पुरं कराले आलो.' त्या दिवसापासून आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला सोपं जातं. दोघे एकाच गुन्ह्यातले.

गेल्या महिन्यात घरात राहायला आले. रीतीप्रमाणे मिस्त्रीला शेला आणि नारळ द्यायचा असतो. बाबांच्या वास्तूला भाऊजी पाटावर बसले होते आणि बाबांनी तो मान दिलाच नाही, 'कुंपण झाल्यावर एकदमच देऊ' म्हणाले, हे तुला आठवत असेल. मी लखीरामपुढे ताट धरलं. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, 'पयला उस्तादचा. तो देऊन या, मंग माझा घेतो.' त्याचं ताट मी झाकून ठेवलं आहे.

आणि मग त्यानंच ते सांगितलं, ज्याच्यामुळे मी आज लिहायला बसले. तुमचं घरकुल मंजूर झालं आहे. जागा आखून झाली, पाया खोदून झाला, आणि दोन महिने भाऊजी रोज सकाळी त्या खड्ड्यात उतरतात, मुरूम हातानं चाचपतात, वर येतात, आणि पहिला दगड ठेवत नाहीत. तू त्यांना बोललीस तर म्हणतात, 'माझ्या हाताचा भरोसा नाही. राजदीपच्या डोक्यावर माझी भिंत नको.' दसऱ्याला काम ठेकेदाराला द्यायचं ठरलं आहे म्हणे. ज्या माणसाची भिंत एकोणीस वर्षं ओळंब्याला टेकून उभी आहे, तो स्वतःच्या मुलासाठी बांधायला घाबरतो, कारण माझं तिरप्या ओळंब्याचं वाक्य त्याला खरं वाटलं. ते वाक्य खोटं होतं. गेल्या रविवारच्या सदरात मी सगळं लिहिलं आहे, खड्ड्यापाशी कोण काय बोललं तेही, आणि या वेळी दोन्ही नावं लिहिली, त्यांचं आणि माझं. कात्रण सोबत आहे. तू त्यांना वाचून दाखव, किंवा नको दाखवू, तुला ठीक वाटेल तसं. मला माफ कर असं लिहिणार नाही, ती माफी मागण्याइतकं खाली मी अजून खोदलेलं नाही. हे पार्सल लखीराम घेऊन येतो आहे. त्यात शेला आहे, नारळ आहे, आमचा तोच डबा आहे, साखर भरून. आणि तळाशी भाऊजींचा ओळंबा. चिंचेनं घासला आहे. जुनी दोरी कुजली होती, म्हणून नवी लावली.

तुझीच, तू म्हणशील तर,
जया