मधल्या भिंतीपलीकडचा टीव्ही

आबा, तुम्ही बांधलेल्या मधल्या भिंतीतून वाय-फाय जात नाही. तुम्हाला हे कसं समजावू? तुम्ही गेलात तेव्हा आपल्या बेंबळीच्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता. आता बाहेरच्या खोलीत राऊटर नावाची एक डबी आहे. तिच्यातून इंटरनेट तारेशिवाय आतल्या खोलीत टीव्हीच्या बॉक्सपर्यंत पोचायला हवं, पण मधे तुमचे दीड हात दगड. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई त्या खोलीत पडून असते. तुळजापूरची पूजा आणि कीर्तनं बघणं, एवढाच तिचा विरंगुळा. शाळेत शिकवून मी घरी येते, चपला काढते न काढते तोच हाक येते, "अगं, थांबलं बघ. नुसतं गोल गोल फिरायलंय." मी डबी स्टुलावर ठेवते, दारात धरून उभी राहते, बंद करून चालू करते. चित्र हलतं, मी बसते, पुन्हा हाक. दमले आहे आबा, फार दमले आहे.

डबी बसवणारा म्हणाला होता, "म्याडम, भितीला एक भोक पाडू, वायर आत घेऊ. लई सोपं काम हाय." आई आतून कडाडली, "त्यांच्या भितीला हात लावायचा न्हाय! म्या मेल्यावर पाडा काय पाडायचं ते." तिचं तरी काय चुकलं? मी सातवीत असताना कॅलेंडरसाठी त्याच भिंतीत खिळा ठोकला होता. तुम्ही गवंडीकामावरून आलात, हात न धुताच खिळा उपटलात, बोटानं चुना भरलात आणि एवढंच म्हणालात, "पोरी, भित बांधायला लई दिस लागत्यात." त्यापेक्षा दोन रट्टे दिले असते तर मी लवकर विसरले असते.

यंदा खंडेनवमीला आईनं पाटावर तुमची थापी आणि ओळंबा मांडायला लावला, शेजारी ती डबीसुद्धा. म्हणाली, "ती बी राबतीच की घरासाठी." हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी अवजारांना हात लावायचा नसतो, म्हणून डबीलाही सुट्टी. टीव्ही दिवसभर बंद. संध्याकाळी मी चहा गरम असतानाच प्यायले, अंथरुणावर पाठ टेकली आणि कुणी हाक मारली नाही. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. हल्ली आठवड्यातून एखाददोन वेळा मी आल्या आल्या डबीचं बटण बंद करते आणि आईला सांगते, आज काही लागत नाही, भिंत आडवी येतेय. नाव तुमचं सांगते, आबा. ती जराही चिडत नाही. "असू दे गं," म्हणते, "त्यांचं काम पक्कंच असायचं." आणि काळ्या पडद्याकडं पाठ करून, भिंतीवरून हात फिरवत पडून राहते.